प्रयोगवहीतले लंडनचे गुरुत्व : कुलगुरूंस एक अनावृत पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर.

महोदय,



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ला अनुसरून पदवी अभ्यासक्रमाची जी नवी घडी सध्या बसविली जात आहे, तीत प्रात्यक्षिकाच्या कामाचे स्वतंत्र माप ठरले आहे : एका श्रेयांकास सत्रभरात तीस तास, म्हणजे आठवड्यास दोन तास, विद्यार्थ्याने साधनांपाशी उभे राहावे. तासांचा हिशेब असा चोख झाला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्या तासांत विद्यार्थ्याकडून नेमकी अपेक्षा कोणती, कोणत्या कृतीस गुण द्यावेत आणि कोणती कृती कसूर समजावी, हा प्रश्न मात्र बहुधा जुन्या शिरस्त्यावर सोपविला जातो. आणि तो शिरस्ता केवळ आपल्याच विद्यापीठाचा नसून महाराष्ट्रभर, किंबहुना देशभर, इतका रुळलेला आहे की त्यात काही वावगे आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. नियमांचे मसुदे नव्याने होत असतानाच दोन शब्द बोलावेत, एकदा छापले गेल्यावर बोलणे व्यर्थ, अशा विचाराने हे पत्र आपणांस खुलेपणाने लिहीत आहे. प्रश्न आपल्या अधिकारातला असला तरी तो बीड, जालना, धाराशिव आणि संभाजीनगर या चारही जिल्ह्यांतील पालकांचा, अध्यापकांचा आणि विद्यार्थ्यांचाही आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रथम वर्षाच्या पदार्थविज्ञान-प्रयोगशाळेत विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या किती जवळ आले यावर एकही गुण असू नये; त्याने काय पाहिले, ते कसे नोंदविले आणि आपल्या मापनात किती संशय शिल्लक राहतो याचा कोणता हिशेब दिला, यावरच सारे गुण असावेत; आणि हजेरीपासून तोंडी परीक्षेपर्यंतचे सर्व नियम या एका तत्त्वातून निघावेत.

हे तत्त्व कोणास अतिरेकी वाटेल; म्हणून अगदी पहिल्या प्रयोगाचेच, साध्या दोलकाचे, उदाहरण घेतो. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा, खुंटीला अडकविलेले दोन बुचाचे तुकडे, एक मीटरपट्टी आणि एक स्टॉपवॉच एवढ्या सामग्रीवर हा प्रयोग होतो, आणि तो संपल्यावर जर्नलच्या उजव्या पानावर, खाली दोन रेघांच्या मध्ये, गुरुत्वत्वरणाचा आकडा दर सेकंदास दर सेकंदास 981 सेंटिमीटर असा ठळक अक्षरांत विराजमान होतो. एका बॅचच्या वीस जर्नलांत तो वीस वेळा आढळतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी तांबड्या शाईची बरोबरची खूण असते. पृथ्वी मध्यभागी किंचित फुगीर व ध्रुवांशी चपटी असून ती स्वतःभोवती फिरते, या कारणांनी गुरुत्वत्वरण सर्वत्र सारखे नसते, हे त्याच विद्यार्थ्याने सिद्धांताच्या तासाला घोकलेले असते. लंडनला ते सुमारे 981.2 आहे, पॅरिसला 980.9, आणि 1901 साली आंतरराष्ट्रीय वजन-माप परिषदेने व्यवहाराच्या सोयीसाठी प्रमाण म्हणून जे मुक्रर केले ते 980.665. आपले शहर विषुववृत्तापासून वीस अंशांच्या किंचित आत, समुद्रसपाटीपासून सुमारे 568 मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. अक्षांश आणि उंची यांचा हिशेब केला म्हणजे येथील गुरुत्वत्वरण 978.5 च्या आसपास येते. म्हणजे ज्या आकड्याला आपण पैकीच्या पैकी गुण देतो तो आकडा या शहराचा नव्हेच. तो टेम्स नदीच्या काठचा आहे. गोदावरीच्या खोऱ्यातल्या मुलाने आपल्या दोलकाकडून लंडनची साक्ष काढावी आणि परीक्षकाने ती मान्य करावी, असा हा व्यवहार आहे.

यावर कोणी म्हणेल की अडीच सेंटिमीटरांचा हा फरक प्रथम वर्षाच्या मुलाला मोजता तरी येईल काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधणे हाच खरे पाहता या प्रयोगाचा आत्मा आहे. दोलकाची लांबी एक मीटर धरली तर येथे त्याचा एक आवर्तनकाल 2.0086 सेकंद भरेल. गुरुत्वत्वरण 981 असते तर तो 2.0061 भरला असता. वीस आवर्तनांना येथे 40.17 सेकंद लागतील, तेथे 40.12, फरक एका सेकंदाच्या विसाव्या हिश्श्याचा. स्टॉपवॉचची कळ दाबणारा अंगठा मात्र एक ते दोन दशांश सेकंद मागेपुढे होतोच. चाळीस सेकंदांत दोन दशांशांची चूक म्हणजे अर्धा टक्का, आणि आवर्तनकालाचा वर्ग करावा लागत असल्याने उत्तरात ती दुप्पट होऊन एक टक्का, म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर होते. वीस आवर्तने मोजणाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याचे उत्तर 970 आले काय, 978 आले काय आणि 985 आले काय, त्यात त्याचा दोष काडीइतकाही नाही. साधनाचा आणि अंगठ्याचा आवाकाच तेवढा आहे. दोष असलाच तर वीस जणांची उत्तरे बिनचूक 981 येण्यात आहे, कारण तसे घडणे त्या साधनाने शक्यच नाही. ज्या एकमताला आपण अचूकपणा समजतो ते एकमत नकलेचा पुरावा होय.

आता याच मुलाला शंभर आवर्तने मोजावयास सांगा. लंडन आणि संभाजीनगर यांतला फरक पाव सेकंदाचा होतो आणि अंगठ्याच्या चुकीतून जेमतेम डोके वर काढू लागतो. परंतु तो पदरात पडावा असे वाटत असेल तर लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एका-दोन मिलिमीटरांच्या आत मोजली पाहिजे, कारण मीटरभर लांबीत एका मिलिमीटरची चूक उत्तरात सुमारे एका सेंटिमीटरची चूक होऊन उतरते. शिवाय झोका लहान हवा. दोलक दहा अंशांपर्यंत झुलविला तर तेवढ्या एका कारणाने उत्तर साडेतीन-चार सेंटिमीटरांनी कमी दिसते, म्हणजे लंडन ते संभाजीनगर या साऱ्या प्रवासापेक्षाही जास्त! पुस्तकात ‘झोका लहान ठेवावा’ असे एक निरुपद्रवी वाक्य असते. त्यामागे केवढा अर्थ भरलेला आहे हे ज्याच्या हाती चार आकडे आले त्यालाच समजते, आणि ज्याने उत्तर आधी लिहून रीडिंगे मागाहून भरली त्याला जन्मभर समजत नाही.

गुरुत्वाची गोष्ट सूक्ष्म म्हणून सोडून दिली, तरी वायुभारमापकाचे काय करावे? प्रयोगशाळेच्या भिंतीवर फोर्टिनचा वायुभारमापक असतो. या शहराच्या उंचीवर त्यातला पारा 71 सेंटिमीटरांच्या जवळपास उभा राहतो, ऋतुमानाप्रमाणे थोडा खाली-वर होतो. आणि त्याच भिंतीखाली बसून मुले वातावरणाचा दाब 76 सेंटिमीटर असे लिहितात, कारण पुस्तकात समुद्रकाठचा दाब दिलेला असतो. पाच सेंटिमीटर पारा डोळ्यांदेखत नाहीसा होतो आणि कोणी त्याचा तपास करीत नाही. तापमापकाच्या वरच्या स्थिर बिंदूचीही तीच कथा : इतक्या दाबाला शुद्ध पाणी सुमारे 98 अंशांवर उकळते, 100 अंशांवर नव्हे. ज्या मुलाने वाफेत तापमापक धरून 98 वाचले आणि वहीत 100 लिहिले त्याने एका क्षणात दोन गोष्टी गमावल्या. डोळ्यांवरचा विश्वास गमावला, आणि पाण्याचा उत्कलनबिंदू दाबावर अवलंबून असतो हा नियम स्वतःच्या गावात सिद्ध करण्याची संधी गमावली. त्याचे 98 हे उत्तर चुकीचे नव्हते. ते आपल्या शहराच्या उंचीचे उत्तर होते.

ज्या शास्त्राच्या नावाने आपण ही प्रयोगशाळा चालवितो त्याचा इतिहास या बाबतीत काय सांगतो? 1672 साली फ्रेंच विज्ञान अकादमीने झां रिशे या निरीक्षकाला दक्षिण अमेरिकेतील कायेन या विषुववृत्ताजवळच्या बेटावर पाठविले. पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. सेकंदाचा ठोका देणारा लंबक त्याला पॅरिसच्या मापापेक्षा पावणेतीन मिलिमीटरांहून किंचित अधिक आखूड करावा लागला. घड्याळ बिघडले, प्रवासात धक्का लागला, उष्णतेने लंबक लांबला, असे म्हणून पॅरिसचाच आकडा वहीत लिहिणे त्याला सहज शक्य होते, आणि आपल्या आजच्या गुणपद्धतीत त्याला त्याबद्दल पूर्ण गुणही मिळाले असते. त्याने जे दिसले ते लिहिले, पुनःपुन्हा पडताळून लिहिले. आणि 1687 साली न्यूटनने आपल्या ‘प्रिन्सिपिया’त पृथ्वी मध्यभागी फुगीर आहे या प्रतिपादनाला ज्या निरीक्षणांचा आधार घेतला त्यांत रिशेचे हे निरीक्षण होते. आपल्या देशातही याच कामासाठी माणसे झिजली आहेत. कॅप्टन बसेव्ही या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील अधिकाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन दक्षिणेच्या टोकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी गुरुत्व मोजले, लडाखातील पंधरा हजार फुटांवरच्या मोरे पठारावर निरीक्षणे केली, आणि 1871 साली त्याच कामावर असताना लडाखातल्या थंडीच्या कडाक्याने त्याचा अंत झाला. जो आकडा आपली मुले शेजाऱ्याच्या वहीतून अर्ध्या मिनिटात उतरवून घेतात, त्याच्या स्थानिक किमतीसाठी मनुष्याने प्राण वेचलेले आहेत.

आणि मान्यवर आकड्याचे दडपण केवळ कोवळ्या मुलांवरच येते असेही नाही. मिलिकन याने इलेक्ट्रॉनचा विद्युत्भार तेलाच्या थेंबांवरून मोजला, त्याला 1923 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हवेच्या स्निग्धतेचा त्याने घेतलेला आकडा थोडा सदोष असल्याने त्याचे उत्तर आजच्या मूल्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होते. पुढच्या संशोधकांची उत्तरे एकदम बरोबर मूल्यावर न जाता हळूहळू, पायरीपायरीने वर सरकली, कारण मिलिकनपासून फार दूरचे उत्तर आले की चूक शोधण्यास माणसे बसत आणि जवळचे आले की तितकेसे कसून पाहत नसत. रिचर्ड फाइनमन यांनी 1974 साली कॅलिफोर्नियातील आपल्या संस्थेच्या पदवीदानाच्या भाषणात याच घटनेचा दाखला देऊन तरुण शास्त्रज्ञांना सावध केले होते. नाणावलेल्या संशोधकांची जेथे ही गत, तेथे वीस गुणांच्या परीक्षेसाठी काकुळतीला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने पुस्तकाच्या आकड्यापुढे मान तुकविली तर त्याला नीतीचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. तो खोटे बोलतो, कारण नियम खऱ्याची किंमत मोजीत नाहीत.

या मुलांविषयी दोन शब्द अधिक सांगणे अगत्याचे आहे. या प्रदेशात प्रयोगशाळा सुखासुखी आलेली नाही. निजामी अमलात 1923 साली येथे इंटरमीजिएट कॉलेज निघाले तेव्हा ते उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते आणि शास्त्राचे शिक्षण उर्दूतून होत असे. स्वातंत्र्यानंतर, 1950 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय उघडले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले, आणि ज्यांच्या पूर्वजांना पाटीलाही हात लावू दिला जात नव्हता त्यांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाची दारे उघडली. 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा या भागातील विद्यार्थ्याला पदवीसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज उरली नाही. त्या विद्यार्थ्यांचेच वारस आज कन्नड, सिल्लोड, गेवराई, अंबड, भूम येथून एसटीने येतात. त्यांतील कित्येकांनी व्हर्निअर कॅलिपर हे साधन महाविद्यालयात येईपर्यंत पुस्तकातल्या चित्रापलीकडे पाहिलेले नसते, कारण शाळेत साधने असली तरी ती कपाटात आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या दराजात. स्वतःच्या हाताने मोजून स्वतःच्या नावाने ‘मला असे आढळले’ असे म्हणण्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग. त्या पहिल्याच प्रसंगी ‘तुझे आढळणे महत्त्वाचे नाही, पुस्तकाचे आढळणे महत्त्वाचे’ असा धडा त्यांना मिळावा, यापरते विद्येचे दुर्दैव कोणते?

म्हणून पुढील तरतुदी अभ्यासमंडळाकडे विचारार्थ पाठवाव्यात अशी माझी सूचना आहे.

पहिली तरतूद वहीची. रफ वही आणि फेअर जर्नल हा भेद समूळ काढून टाकावा. सुबक हस्ताक्षरातले, पट्टीने रेघा मारलेले, महिनाअखेर एका बैठकीत उतरविलेले जर्नल म्हणजे प्रयोगाचा दस्तऐवज नव्हे. विद्यार्थ्याने पृष्ठांक छापलेली एकच बांधीव वही ठेवावी. रीडिंगे प्रयोग चालू असतानाच शाईने लिहावीत. टेबलावरून उठण्यापूर्वी अध्यापकाने त्या तारखेनिशी सही करावी. चुकलेले रीडिंग खोडरबराने पुसू नये किंवा पान फाडू नये, त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहावे. यात परके असे काही नाही. आपल्या गावच्या तलाठ्याच्या दप्तरात जमिनीची जुनी नोंद कोणी खरडून टाकीत नाही. फेरफाराची नवी नोंद क्रमांकासह आणि तारखेसह होते, जुनी वाचता येण्याजोगी राहते, आणि पन्नास वर्षांनी तंटा उपस्थित झाला तर त्या दोन्ही नोंदींवरून खरे काय ते न्यायाधीशाला कळते. शेताच्या मालकीइतकी दक्षता निसर्गाच्या साक्षीबाबत घेतली जावी एवढीच माझी मागणी आहे. हल्ली या तरतुदीला आणखी एक निकड आली आहे : मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले तर ती कोणत्याही प्रयोगाची, योग्य तेवढ्या विखुरलेल्या चुकांसकट, बेमालूम रीडिंगे क्षणात तयार करून देते. घरी तयार झालेल्या जर्नलला आता कसलेही प्रामाण्य उरलेले नाही. प्रामाण्य उरले आहे ते टेबलाजवळ, त्याच तासाला सही झालेल्या पानाला.

दुसरी तरतूद हजेरीची. प्रयोगाचा तास बुडाला तर तो प्रयोग बुडाला. मित्राची रीडिंगे उसनी घेऊन तो भरून निघत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. परंतु ज्या मुलाची पहाटेची एसटी रद्द झाली, ज्याला कापूस वेचणीच्या हंगामात आठवडाभर घरी राहावे लागले किंवा जो आजारी पडला, त्याच्यासाठी सत्राच्या अखेरीस एक पूर्ण आठवडा राखून ठेवावा. तेथे त्याने अर्ज देऊन राहिलेला प्रयोग करावा. हजेरीच्या नियमाची कठोरता आणि माफीची वाट या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच नियम पाळला जातो. केवळ कठोरता असली म्हणजे खोट्या सह्या सुरू होतात.

तिसरी तरतूद भागीदारीची. साधने मोजकी आणि बॅच मोठी अशी स्थिती अनेक ठिकाणी असल्याने एका टेबलावर चार-पाच मुले उभी राहतात. त्यांपैकी एक मोजतो, एक लिहितो आणि बाकीचे खिडकीबाहेर पाहतात. एका साधनावर दोघेच असावेत, त्यासाठी लागल्यास बॅचची फेरवाटणी करावी. दोघांनी रीडिंगे मिळून घ्यावीत, कारण एकाने घड्याळ आणि दुसऱ्याने दोलक सांभाळणे हेच योग्य. परंतु गणित, आलेख, संशयाचा अंदाज आणि निष्कर्ष ज्याने त्याने स्वतंत्र लिहावा. कोणते काम दोघांचे आणि कोणते एकट्याचे याची लेखी यादी विद्यार्थ्याच्या हाती पडली, म्हणजे नक्कल कशाला म्हणावे हा वाद राहत नाही.

चौथी तरतूद गुणांची, आणि तीच मुख्य. मांडणी व काळजी यांस काही गुण, नोंदीस काही, आलेखास काही, आणि सर्वांत अधिक गुण संशयाच्या हिशेबास व त्यावरून काढलेल्या निष्कर्षास. उत्तराच्या आकड्यास शून्य. ज्याने ‘970, दहा मागेपुढे’ असे लिहून, आपले 978.5 शी भांडण का नाही हे दोन वाक्यांत सांगितले, त्याला पूर्ण गुण मिळावेत. ज्याने बिनचूक 981 लिहिले पण त्या आकड्याला वीस आवर्तनांनी इतका नेमकेपणा कसा आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याला मिळू नयेत. उत्तर चमत्कारिक आले तर प्रयोग पुन्हा करण्याची मुभा असावी, आणि दोन्ही वेळची रीडिंगे वहीत राहावीत.

पाचवी तरतूद परीक्षेची. सत्रान्त परीक्षेत मुलाने पाठ केलेला प्रयोग चिठ्ठीवर येतो आणि त्याला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून तो उत्तराकडून रीडिंगांकडे उलटा चालत येतो. यावर उपाय स्वस्तातला आहे : ज्याचे उत्तर पुस्तकात नाहीच अशी वस्तू मोजावयास द्यावी. छापील खूण नसलेली एखादी स्प्रिंग, बाजारातून आणलेले निनावी तेल, वेरूळच्या डोंगरातला काळ्या दगडाचा तुकडा. त्यांचा स्थिरांक, स्निग्धता, घनता कोणत्या पुस्तकात सापडणार? तोंडी परीक्षाही व्याख्या विचारण्यासाठी नसावी. बाह्य परीक्षकाने विद्यार्थ्याचीच वही उघडून ‘हे चौथे रीडिंग तुम्ही का कापले?’ एवढे विचारावे. ज्याने प्रयोग केला त्याला हा प्रश्न सोपा आणि ज्याने केला नाही त्याला अशक्य, इतकी कसोटी पुरेशी आहे.

सहावी तरतूद साधनांची आणि माणसांची. फुटलेल्या तापमापकाच्या दंडाच्या भीतीने मुले साधनाला हात लावीत नाहीत, आणि जडसंग्रह नोंदवहीतली एकही वस्तू कमी होऊ नये या काळजीने कर्मचारी ती कपाटाबाहेर काढीत नाहीत. प्रामाणिकपणे कळविलेल्या मोडतोडीला दंड नसावा, लपविलेल्या मोडतोडीला असावा. आणि मोडतोडीसाठी दरसाल ठरावीक रक्कम अंदाजपत्रकातच दाखवावी. पारा सांडला, सोडियमचा दिवा तापलेला असताना हलविला, अशा धोक्यांची माहिती पहिल्या तासाला द्यावी. प्रयोगशाळा परिचरांची रिक्त पदे ही या प्रश्नातली सर्वांत दुखरी जागा आहे. ज्याला प्रत्येक स्पेक्ट्रोमीटरची खोड ठाऊक असते असा जुना परिचर निवृत्त होतो, त्याच्या जागी माणूस येत नाही, आणि ती साधने हळूहळू शोभेची होतात. मोबाइलला मात्र सरसकट बंदी नको. त्यातला त्वरणमापक आणि दोन ध्वनींमधला काळ मोजणारे घड्याळ ही उत्तम साधने आहेत. ज्या टेबलावर स्टॉपवॉच नाही तेथे ती वापरावीत, फक्त त्यांतले रीडिंगही त्याच वहीत, त्याच शाईने लिहावे.

या साऱ्यावर दोन आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. पहिला असा की शेकडो महाविद्यालयांतून गुणांची समानता राखावयाची तर उत्तर बरोबर की चूक ही कसोटीच सोयीची. रीतीला गुण देऊ लागल्यास परीक्षकागणिक न्याय बदलेल. परंतु आज जी समानता दिसते ती एकाच आकड्याच्या नकलेची समानता आहे, तिला न्याय म्हणणे म्हणजे शब्दाचा गैरवापर होय. रीतीच्या गुणांसाठी चार ओळींची पत्रिका विद्यापीठाने करून दिली तर परीक्षकांत फार अंतर पडणार नाही. दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा : तासाला वीस वह्यांवर सही करण्यास अध्यापकाला वेळ कोठला? उत्तर असे की वर्षाअखेर साठ जर्नले घरी नेऊन डोळे मिटून तपासण्याचा आणि प्रमाणपत्रांवर सह्या करण्याचा वेळ वाचेल, तोच येथे लागेल. आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला या तासांचे मानधन थेअरीइतके द्यावे, अर्धे नव्हे.

शेवटी एक विधायक सूचना करतो. दरसाल पावसाळ्यानंतरच्या एका ठरावीक आठवड्यात चारही जिल्ह्यांतील प्रथम वर्षाच्या प्रत्येक बॅचने दोन राशी मोजाव्यात : दोलकाने गुरुत्वत्वरण आणि वायुभारमापकाने दाब, आणि विद्यापीठाने त्या साऱ्यांची सारणी, प्रत्येक बॅचच्या संशयासह, छापावी. गुरुत्वाचे आकडे चारही जिल्ह्यांत एका सेंटिमीटरच्या आतच बदलतात, तेव्हा त्या स्तंभात जो विस्कळीतपणा दिसेल तो पृथ्वीचा नसून आपल्या हातांचा असेल, आणि वर्षागणिक तो आटोक्यात आला की नाही यावरून प्रयोगशाळांचे शिक्षण सुधारले की नाही हे कोणत्याही मूल्यांकन समितीवाचून कळेल. दाबाचा स्तंभ मात्र भूगोल बोलेल : जालना आणि बीड यांच्यापेक्षा धाराशिव उंच, म्हणून तेथला पारा एखाद्या सेंटिमीटरने खाली, आणि एखाद्या हौशी बॅचने म्हैसमाळच्या माथ्यावर वायुभारमापक नेला तर शहराच्या मानाने सुमारे चार सेंटिमीटर खाली. ही सारणी कोणत्याही पुस्तकातून उतरविता येणार नाही, कारण ती अद्याप कोठेच छापलेली नाही. ती या विद्यापीठाच्या मुलांनीच प्रथम लिहावयाची आहे.

आपण विद्यापरिषदेचे अध्यक्ष आहात. तिच्या येत्या बैठकीपुढे हा विषय ठेवावा, अभ्यासमंडळाकडून मसुदा मागवावा, आणि इतर तरतुदींना विलंब लागणार असेल तर निदान एक ओळ या वर्षीच्याच परीक्षेपासून अमलात आणावी : ‘प्रात्यक्षिकात उत्तराच्या ग्रंथोक्त मूल्याशी असलेल्या जवळिकीस गुण देऊ नयेत.’ या एका ओळीला पैसा लागत नाही, नवी साधने लागत नाहीत, शासनाची मंजुरीही लागत नाही. ती अमलात आली तर पुढच्या वर्षी जर्नलांत 981 कमी दिसतील, 974 आणि 983 अधिक दिसतील, आणि काही परीक्षक त्यामुळे अस्वस्थ होतील. त्या अस्वस्थतेच्या वेळी त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढी विनंती.



आपला नम्र,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक,
छत्रपती संभाजीनगर